उंबरदऱ्याचा पट

ला कोंब, फ्रान्स
१२ जानेवारी २०२५

वहिनी,

क्षेमकुशल विचारत बसले की तुम्ही म्हणणार, "ताई, पाव्हण्यासारखं लिहू नका." म्हणून एकदम मुद्द्यावर येते. मी बरी आहे, थंडीने ओठ फुटलेत, आणि शेळीच्या दुधाचं चीज शिकायला वर्षभरासाठी आलेली तुमची नणंद सध्या मुख्यतः लेंड्या उचलते आहे. ज्यांच्या गोठ्यावर मी शिकते त्या ओदिलबाई सत्तरीच्या आहेत. त्या चीजपेक्षा शिव्या जास्त शिकवतात.

फोन करायचा तर उंबरदऱ्यात रेंज नाही, आणि दादाच्या मोबाईलवर केला तर त्याच्या जीपमधले सगळे पॅसेंजर ऐकतात. त्यापेक्षा पोस्ट बरं.

इथे आले त्या दिवशी गावाच्या तोंडाशी नावाची पाटी उलटी दिसली. अक्षरं खाली डोकं वर पाय. मला वाटलं, लावणाऱ्याने जरा जास्तच घेतली असावी. ओदिलबाईंना मोठ्या शहाणपणाने सांगायला गेले, तर म्हणाल्या, "शिडी मीच धरली होती." मागच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी गावोगावच्या पाट्या अशा उलट्या केल्या. कारभारच उलटा चाललाय, मग पाटी तरी सरळ कशाला, असा हिशेब. इतर गावांनी नंतर सरळ केल्या, या गावाने नाही केली.

गेल्या आठवड्यात कागदपत्रांसाठी ग्रनोबल शहरात गेले, तर रस्ता बंद. समोरून धूर येत होता. म्हटलं दंगल पेटली. जवळ गेले तर धूर सॉसेज भाजण्याचा! पुढे लाऊडस्पीकरची गाडी, मागे ढोल, आज्या, बाबागाड्या. निळे कामगारी डगले आणि पिवळे हातमोजे घातलेल्या बायका रेडिओवर रोज वाजणाऱ्या एका गाण्यावर रांगेत नाचत होत्या, शब्द मात्र पेन्शनचे घातलेले. कडेने पोलीस चालले होते. मोर्चाचा रस्ता आणि वेळ म्हणे आधीच कचेरीत कळवलेली असते. बसथांब्यावर चक्क कागद चिकटवलेला होता, की आज मोर्चा आहे, बस उशिरा येईल. दुपारी सगळे कॅफेत बसून एकमेकांशीच भांडत होते. मला कळेना की हे लोक भांडायला आलेत की जत्रेला. मी फुटपाथवरूनच पाहिलं. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाने लोकांच्या भांडणात पाय घालू नये.

आता कामाचं. तुमच्या कार्तिकीला जूनपासून संगमनेरला तुमच्या माहेरी ठेवू आणि तिथल्या इंग्रजी शाळेत घालू. तिथे मी बोलून ठेवलंय, फीचं मी बघते. दुसरी झाली तेवढी पुरे झाली गावच्या शाळेच्या त्या एका खोलीत. दादा तयार आहे. तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे.

तुमची
दिपाली


उंबरदरा, पोस्ट राजूर, ता. अकोले
३ फेब्रुवारी २०२५

दिपालीताई,

तुमच्या दादांनी राजूरच्या पोस्टातून पत्र आणलं आणि वाटेत सगळ्या पॅसेंजरना वरचं तिकीट दाखवलं. आतलं सुदैवाने कोणी वाचलं नाही, त्यामुळे गावात अजून तुम्ही मोठ्या चीजवाल्या बाई आहात.

तुमच्या उलट्या पाटीवर आम्ही पोट धरून हसलो. मग मला वाटलं, आपलीही करावी. कारण ऐका. वरून आदेश आलाय की ज्या शाळेचा पट दहाच्या आत असेल ती शाळा खालच्या घोटवाडीच्या शाळेत मिसळायची. एप्रिलअखेरचा पट धरणार. आपल्या शाळेत आज बरोब्बर दहा पोरं आहेत. तुमच्या वेळी वर्गात बसायला जागा नव्हती म्हणता, पण आता निम्मी घरं पुण्याच्या रस्त्याला लागली.

घोटवाडीची वाट तुम्हाला मी काय सांगायची. मधला ओढा जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणाचं ऐकत नाही. पहिली-दुसरीची पोरं तिकडे जाणार नाहीत, घरी बसतील, आणि पोरी तर नक्कीच बसतील. तुमचे दादा म्हणतात, "पोरांची ने-आण आपल्या जीपला मिळंल बघ." मी म्हटलं, "वढ्यातनं काय व्हडी चालवणार का?" तेव्हापासून फुगून आहेत.

शाळा समितीची अध्यक्ष मी आहे. सभेला मी उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी मिळून माझं नाव लिहून टाकलं होतं. पण आता आहे तर आहे. ही शाळा मी जाऊ देणार नाही. कशी, ते अजून ठरलेलं नाही.

वाल्मिक गुरुजी एकटे शिक्षक. ते घाबरट आहेत, पण पोरांना जीव लावतात. त्यांना पुढे करता येणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

तुमच्या त्या देशात लहान गावांच्या शाळा बंद करतात का? आणि केल्या तर लोक काय करतात? नुसते नाचतात की अजून काही? नीट विचारून लिहा.

कार्तिकीचं सावकाश लिहीन.

तुमची वहिनी
राजेश्वरी


ला कोंब
२२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी गोठ्यातच बसले. इथेही तेच चाललंय! ला कोंबच्या शाळेत दोन वर्ग आहेत, त्यातला एक सप्टेंबरपासून बंद होणार. कारण तेच, डोकी कमी. दर वर्षी या दिवसांत ही यादी निघते आणि दर वर्षी निम्म्या देशातले आईबाप रस्त्यावर येतात. इथे तो एक ऋतूच आहे म्हणा.

यांनी काय केलं ते ऐका. आधी घराघरांतून जुन्या चादरी आणल्या, त्यांवर रंगाने "आमचा वर्ग आमचाच" असं लिहून शाळेच्या कुंपणाला टांगल्या. शिक्षण खात्याचे साहेब येणार त्या दिवशी बायका-पुरुष पातेली आणि पळ्या घेऊन हजर. असा गोंगाट केला की साहेबांना गाडीची काच वर करावी लागली. आणि मग कळस! डोकी कमी म्हणता ना, मग घ्या, म्हणून ओदिलबाईंच्या बारा शेळ्या शाळेत दाखल केल्या. गावचे महापौर छातीवर इथल्या झेंड्याचा तिरंगी पट्टा लावून टेबलाशी बसले. एकेका शेळीचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव रीतसर रजिस्टरात. मास्तरीणबाईंनी हजेरी घेतली, आणि सेलेस्त नावाची शेळी नेमकी आपलं नाव आल्यावर ओरडली. टीव्हीवाले आले होते. रात्री बातम्यांत सगळा देश हसला.

सेलेस्तची दोरी माझ्या हातात होती. कॅमेरा वळला तेव्हा मी झाडामागे गेले, त्यामुळे टीव्हीवर नुसती दोरी दिसते आहे.

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. अधिकाऱ्याला हात न लावता, काच न फोडता पाणी पाजलं. आपल्याकडे लोकांना हे सुचत नाही. आपण एकतर निवेदन देतो नाहीतर टायर जाळतो.

संगमनेरच्या शाळेचा फॉर्म मी इथूनच भरला. दाखला तेवढा काढून ठेवा. दादाला फोनवर सांगितलंय. तुम्ही कार्तिकीबद्दल काहीच लिहिलं नाहीत, विसरलात वाटतं.

दिपाली


उंबरदरा
१४ मार्च २०२५

दिपालीताई,

आपल्याकडे लोकांना सुचत नाही म्हणालात. सुचलं हो. आता त्याची फळं वाचा.

तुमचं पत्र मी मुबारकबीच्या ओसरीवर मोठ्याने वाचलं. मुबारकबी म्हणजे तुमच्या त्या शेळ्यांवाल्या भाभी. त्यांचा नातू अमीर पहिलीत आहे. शेजारच्या कडूबाई होत्या, त्यांच्या दोन नाती शाळेत आहेत. सेलेस्तपाशी आल्यावर दोघींना हसून ठसका लागला. मुबारकबी म्हणाल्या, "माज्या शेरडांनी काय घोडं मारलंय? आमी बी घालू साळंत." आणि ठरलं.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी शाळा बघायला येणार होते. गुरुजींना आम्ही सांगितलं नाही, उगाच त्यांच्या तोंडचं पाणी पळायला नको म्हणून. ते साहेबांना आणायला फाट्यावर गेले आणि आम्ही सात शेळ्या वर्गात बसवल्या, गळ्यात पाट्या अडकवून. पातेलीही वाजवली. सगळं तुमच्या पत्राबरहुकूम.

चूक एकच झाली. आपल्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहिलेला असतो ना, एकूण इतके, हजर इतके. कडूबाईंना वाटलं, तिकडे रजिस्टरात लिहिलं तर आपण फळ्यावर तरी लिहावं. त्यांनी दहा पुसून सतरा केलं.

साहेब हसले नाहीत. शेळ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. ते थेट फळ्यापाशी गेले, मोबाईल काढून त्या सतराचा फोटो घेतला आणि गुरुजींना म्हणाले, "हजेरीपटात अशी किती नावं आहेत?" गुरुजी पांढरेफटक पडले. त्यांच्या पहिल्या नोकरीत त्यांच्या हेडमास्तरांवर बोगस पटाची चौकशी लागली होती, माणूस घरी बसला. तेव्हापासून ते खडूने आकडा लिहितानाही पोरं पुन्हा मोजतात. आता त्यांनाच नोटीस आली आहे, खोटा पट दाखवल्याबद्दल खुलासा करा म्हणून. तिकडे गंमत म्हणून टीव्हीवर जातं ते इकडे गुन्हा म्हणून फायलीत जातं, हे मला आधी कळायला हवं होतं.

एप्रिलअखेर पुन्हा मोजणी आहे, एकेका पोराला उभं करून. दहा म्हणजे दहा हवेत.

आता सावकाश लिहिणार होते ते लिहिते. मी विसरले नव्हते. त्या दहातलं एक नाव कार्तिकीचं आहे. तुमचे दादा गुरुजींकडे तिच्या दाखल्याचा अर्ज देऊन आले, मला न विचारता. गुरुजींनी तो अजून बाजूला ठेवलाय. ताई, तुम्ही तिकडे शेळीची दोरी धरून परक्यांची शाळा वाचवता आणि इकडे तुमच्याच शाळेचं दहावं पोर काढून नेता. मला याचा राग आला आहे. आला तो लिहिला.

राजेश्वरी


ला कोंब
३० मार्च २०२५

वहिनी,

मलाही राग आला आहे, तेव्हा फिटंफाट.

त्या शाळेत मी शिकले. पाढे पाठ झाले, कविता पाठ झाल्या, आणि संगमनेरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी इंग्रजीत नाव विचारलं तर माझी बोबडी वळली. अख्खा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले, येत असूनही हात वर केला नाही. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. कार्तिकीवर ती पाळी यावी असं मला वाटत नाही, यात माझा काय गुन्हा? तुम्हाला शाळा वाचवायची आहे, जरूर वाचवा, पण माझ्या भाचीला फळ्यावरचा आकडा करू नका. गावाच्या भल्यासाठी एका पोरीने मागे राहायचं, हे आपण बायकांनी पुष्कळ सोसलंय. तुम्ही आई आहात, आधी तिचा विचार करा. अध्यक्षपद नंतर.

गुरुजींचं वाचून वाईट वाटलं. माझं पत्र जरा जास्तच रंगवलेलं होतं. उरलेलं सांगते. शेळ्यांनी इथेही काही झालं नाही. सगळा देश हसला, टीव्हीवाले गेले आणि आठवड्याने वर्ग बंद करण्याचा कागद कायम होऊन आला. मला वाटलं, आता चादरी उतरतील. उतरल्या नाहीत. आईबाप पाळीपाळीने शाळेतच झोपायला जातात, स्लीपिंग बॅगा अंथरून. कोणी सूप आणतं. ओदिलबाई रोज चीज पोचवतात.

मी त्यांना विचारलं, "तुमची नातवंडं तर शहरात खासगी शाळेत जातात. तुम्हाला काय पडलंय?" त्या म्हणाल्या, "शाळा गेली की पोस्ट जाईल, पोस्ट गेलं की बस जाईल. मग मी या गावात भांडायचं कोणाशी?" हे तुमच्या बाजूचं आहे हे मला कळतंय. तरी लिहिते आहे, कारण मला लपवता येत नाही.

संगमनेरची जागा मी सोडलेली नाही.

दिपाली


उंबरदरा
१८ एप्रिल २०२५

दिपालीताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या बाकाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी दोन दिवस खरंच विचार केला, की जाऊ द्यावी कार्तिकीला.

मग परवा नळावर कडूबाई सहज म्हणाल्या, "माजी सूनबी नातींचं दाखलं काढायचं म्हनती. मी म्हनलं थांब. पैलं कोन काढतंय बघू, मग बघू." अजून एका घरात असंच चाललंय. सगळे एकमेकांकडे बघत थांबलेत. माझ्या घरातला अर्ज त्यांना माहीत नाही. कार्तिकी गेली की तिच्यामागे तीन जातील, आणि शेवटी ओढ्यापाशी उरतील ती अमीरसारखी, ज्यांना संगमनेरात आजी नाही. ताई, ती आकडा नाही हे खरं. पण अध्यक्षाची पोर आहे, लोक तिच्याकडे बघून ठरवणार.

म्हणून तिला मी सोडणार नाही. चौथी झाली की स्वतः नेऊन सोडीन. तुमच्या दादांशी यावरून बोलणं बंद आहे, जेवायला वाढते तेवढंच.

शेळ्या झाल्या, पातेली झाली. तुमच्या पहिल्या पत्रातली एक गोष्ट आम्ही घेतली नव्हती. मोर्चा आधी कळवायचा. तेव्हा मी अकोल्याला पंचायत समितीत जाऊन पत्र दिलं आणि पोच घेतली. त्यात लिहिलं, येत्या अठ्ठावीस तारखेला आमची शाळा तुमच्या व्हरांड्यात भरेल. प्रार्थना, पाढे, खिचडी, सगळं. तुम्हाला मोजणीसाठी डोंगर चढायचा त्रास नको, दहा पोरं तुमच्या दारात आणतो. कारकुनाने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "घोषणा देणार का?" मी म्हटलं, "न्हाई, बाराखडी म्हणणार."

दाखल्याचं मी बायकांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं, पण धीर होत नाही.

राजेश्वरी


ला कोंब
२ मे २०२५

वहिनी,

हे पत्र पोचेल तोवर तुमची अठ्ठावीस तारीख होऊन गेलेली असेल. काय झालं असेल या विचाराने मी परवा दिवसभर दूध उतू घालवलं.

काल एक मे होता. इथे या दिवशी लोक एकमेकांना पांढऱ्या घंटीसारख्या फुलांची काडी देतात आणि मग मोर्चाला जातात. ला कोंबच्या आईबापांनी ग्रनोबलच्या मोर्चात आपली चादर नेली. वर्ग वाचलेला नाही. सप्टेंबरात पुन्हा बसणार म्हणतात, आणि बसतीलच. चादरीचं एक टोक धरायला माणूस कमी पडत होतं. मी धरलं. कॅमेरे आले, मी कुठे गेले नाही. व्हिसाची भीती वाटत होती, अजून वाटते आहे.

कार्तिकीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण पोर तुमची आहे. ती चौथी होईपर्यंत तिथेच राहणार हे तुम्ही ठरवलं असेल तर मी दादाच्या मागे लागणार नाही. पंधरा जूनपर्यंत जागा राहील, पुढचं तुम्ही कळवा.

दिपाली


उंबरदरा
२० मे २०२५

दिपालीताई,

तुमचं पत्र आज आलं. चादर धरलीत हे वाचून मी मुबारकबींना ओरडून सांगितलं. आता आमचं ऐका, पहिल्यापासून सांगते.

दहा पोरं आणि सात बाया अकोल्याला गेलो. गाडी तुमच्या दादांचीच, दुसरी मिळाली नाही. त्यांनी आणलं, पण स्वतः जीपमध्ये बसून राहिले. गुरुजी रजेवर. आधी कळवल्याचा गुण असा की व्हरांडा झाडलेला होता आणि शिपायाने पाण्याचा जार भरून ठेवला होता. पोरांनी प्रार्थना म्हटली, प्रतिज्ञा म्हटली, पाढे सुरू केले तसे आतले टेबलावरचे लोक खिडकीत आले. बारा साते चौऱ्यांशीला एक कारकून आमच्यात आवाज मिळवत होता.

तेच विस्तार अधिकारी बाहेर आले. मी हजेरी घेतली. एकेक पोर उभं राहून "हजर" म्हणत होतं. दहा झाली. साहेब म्हणाले, "दहा आहेत, मान्य. पण गुरुजींनी खुलाशात प्रामाणिकपणे लिहिलंय की एका मुलीचा दाखला मागितलेला आहे. म्हणजे जूनला नऊ. कोणाची मुलगी ती?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझी."

मुबारकबी म्हणाल्या, "राजेश्वरी, आमाला डोंगरावरनं हितवर आनलंस, आन तुज्याच घरात ह्ये चाललंय?" मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण मी म्हटलं, "व्हय. सांगायचा धीर झाला न्हाई. अर्ज तिच्या बापानं दिलाय. त्यो भाईर बसलाय, त्येला इचारू."

तुमचे दादा आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, मला इंग्रजी आलं असतं तर मी आज ष्टेरिंग धरलं नसतं. माज्या पोरीनं शिकावं, येवढंच हाय माजं." माझ्या नवऱ्याला मी दहा वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मला त्यांच्याविरुद्धच बोलायचं होतं. मी म्हटलं, "मलाबी तेच हवंय. पर ती गेली का कडूबाईच्या नाती जातील. मग अमीर एकला वढा उतरंल का? चौथी झाली का मी सोता नेऊन सोडीन. तवर ती हितंच."

तेव्हा मुबारकबी पुढे झाल्या. "गोरक्षनाथ, आमी रोज तुज्या जीपमधी बसतो. आज अर्ज मागं घेतला न्हाईस तर आजपासनं चालत जाऊ. सगळ्या." कडूबाईंनी लगेच पिशवी उचलली. ऐंशी टक्के पॅसेंजर तिथे उभे होते ताई. शिपाई हसला, कारकून हसला, शेवटी साहेबही हसले. तुमचे दादा हसले नाहीत, पण म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिचं नाव."

शाळा पुढचं वर्ष चालू राहणार, लेखी मिळालं. गुरुजींना ताकीद देऊन सोडलं. पुढच्या एप्रिलला पुन्हा मोजणार. मोजोत, आम्ही पुन्हा तिथे असू.

एवढं वाचून तुम्ही खूश व्हाल. पण अजून एक आहे, ते मी इथे कोणाला सांगितलं नाही. हजेरीत कार्तिकीचं नाव मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा ती बोललीच नाही. बायांना वाटलं लाजली. परत येताना सगळ्या गात होत्या, हिच्या मांडीवर खिचडीचं रिकामं पातेलं होतं. राजूर सोडल्यावर मला म्हणाली, "आई, मला जायचं हुतं. आजीकडं. मला कुनी इचारलंच न्हाई."

मी तिच्याशी खोटं बोलले नाही. म्हटलं, "न्हाई इचारलं. तू जायचं म्हनली असतीस आन मी ऐकलं नसतं, म्हनून न्हाई इचारलं."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. वेणी घालून घेते, सांगितलेलं काम करते, पण बोलत नाही. केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हाताला धरून नेईन, नाही आली तर उचलून नेईन. रडणार आहे, ती आणि मीही. संगमनेरची जागा सोडून द्या.

आणि एक करा. तिला वेगळं पत्र लिहा, तिच्या नावाने. माझं चुकलं असं तुम्हाला वाटतंय, ते तसंच लिहा, मी फोडून बघणार नाही. या घरात माझ्या बाजूने आता सगळं गाव आहे ताई, तिच्या बाजूने कोणीच नाही.

राजेश्वरी